डबल बेल

त्या सकाळी कंडक्टरच्या पायाला भिंगरी लागली होती. नोकरीतून निवृत्त झाला तरी गल्ली त्याला कंडक्टरच म्हणायची. त्याने मुलीच्या डब्याचं झाकण तपासलं, चपलांचे पट्टे तपासले, पुन्हा झाकण तपासलं.

"अहो, नोकरी तिला लागायचीय, तुम्हाला नाही," बायको म्हणाली. "बसा की जरा!"

"बाबा घाबरलेत," चिमी म्हणाली आणि खुदकन हसली.

चिमीला सगळं उशिरा समजायचं, पण एकदा समजलं की दगडावरची रेघ. हॉटेलच्या धुलाईघरात टॉवेलांच्या घड्या घालायचं काम तिला मिळावं, म्हणून तिच्या विशेष शाळेतल्या बाईंनी आधी आईबापांनाच बाकावर बसवलं होतं. "घरी रोज सराव घ्या," त्या म्हणाल्या होत्या. "आणि काका, हळूहळू त्यातून नाहीसे व्हा. तिथे तुम्ही नसणार."

सराव कंडक्टरने जीव ओतून घेतला. घरातले टॉवेल पुरेनात तेव्हा शेजाऱ्यांचे मागून आणले. काठाला काठ जुळला की तो जुन्या तिकीट-पंचाने पलंगाच्या दांडीवर दोनदा ठोकायचा. टिंग टिंग! डबल बेल. गाडी पुढे! मग चिमी पुढचा टॉवेल उचलायची. बापलेकीला त्यात इतकी गंमत वाटली, की नाहीसं व्हायचं राहूनच गेलं.

धुलाईघरात यंत्रं घरघरत होती. वाफेत माणसं अर्धी पुसल्यासारखी दिसत होती. सुपरवायझरने चिमीला लांब टेबलापाशी उभं केलं, आणि आईबापांना व बाईंना दाराच्या काचेबाहेर.

चिमीने पहिला टॉवेल झटकला. काठाला काठ. घडी अशी, की कंडक्टरची छाती फुगली.

आणि ती थांबली. हात टेबलावर, मान किंचित वाकडी. कानोसा घेत.

"काय झालं हो तिला?" बायको कुजबुजली.

कंडक्टरने काचेला नाक टेकवलं. "बेलची वाट बघतेय."

"कसली बेल?" बाईंनी विचारलं. त्याने चाचरत सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो काका, हे मला कधी सांगणार होतात?"

आत सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं. कंडक्टरचा हात खिशातल्या पंचावर गेला. काचेवर दोन ठोके, बस्स! बायकोने त्याचं मनगट धरलं.

"आज तुम्ही गाडीत नाही," ती म्हणाली.

हात खिशातच राहिला.

चिमीने काचेकडे पाहिलं. बाबा हलेनात. तिने ओठ चावला, मूठ वळली आणि टेबलावर दोनदा आपटली. "टिंग टिंग!" आवाज असा खणखणीत, की इस्त्रीवाला दचकून वळला. दुसरा टॉवेल. टिंग टिंग! तिसरा!

"हे काय चाललंय?" सुपरवायझर म्हणाला.

"डबल बेल. त्याशिवाय गाडी हलत नाही," चिमी म्हणाली. "एवढंही माहीत नाही?"

"घ्या साहेब," इस्त्रीवाला हसत सुटला, "आता हिच्यापुढे आपण सगळे ड्रायव्हर!"

घड्यांचा ढीग चिमीच्या हनुवटीला लागला तेव्हा सुपरवायझरने दार उघडलं. "उद्यापासून येऊ दे तिला. तुम्ही नका येऊ हं काका, नाक टेकवून सगळी काच खराब केलीत."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. कंडक्टर मात्र धावतच आत शिरला. "चल चिमे, घरी चल! सगळ्या गल्लीला सांगू!"

चिमीने उरलेले टॉवेल दाखवले, मग दार दाखवलं. आणि बापाच्या तोंडासमोर टेबल वाजवलं.

टिंग टिंग!

जन्मभर दुसऱ्यांना बेल देणारा तो माणूस मुकाट्याने वळला आणि निघाला.