काखेतला चौबगला

बाळांनो, परवा फोनवर थोरली म्हणाली, ऑफिससाठी मागवलेले तिन्ही शर्ट काखेत काचतात. धाकटा मागून हसत होता. हसू नकोस रे. हीच चूक तुमच्या या आजीने तुमच्या आत्याच्या बाबतीत केली आहे, तीही टेप हातात धरून. विसरायच्या आत लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्याच्या इथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बढतीची जागा निघाली. मंगळवारी साहेबांपुढे फळ्याशी उभं राहून वर्षभराचं काम समजावायचं, त्यावर सगळं ठरणार. नवा कुर्ता हवाच. माप मीच घेतलं.

"सरळ उभी राहा. पोट आत."

"आई, काहून श्वास कोंडून राहिली माझा?"

"नीटनेटकं दिसायला नको?"

आकडे कागदावर लिहून मी विजय नगरातल्या शिवणवाल्या दीदींना बजावलं: मापाबाहेर बोटभर कापड नको, शिवणीतही जादा ठेवू नका, फुगतं. लांबी मात्र पोटरीपर्यंत, भारदस्त दिसते.

"आंटीजी, साँस के लिए दो इंच तो छोड़ने दीजिए."

"नहीं जी, फिटिंग चाहिए."

सोमवारी संध्याकाळी कुर्ता आला. आरशापुढे आत्या झकास दिसली. मग खुर्चीत बसली, तर पोटावर वळ्या. फळ्यावर लिहिल्यासारखा हात उचलला, तर अख्खा कुर्ता हाताबरोबर वर आणि काखेत टर्रकन आवाज.

"चलो, उद्या फळ्याच्या तळाशीच लिहिते," आत्या म्हणाली. चेहरा मात्र उतरला होता.

तसेच दीदींकडे पळालो. "दफ्तर में मूर्ति बनकर थोड़े ही खड़ी रहेंगी?" असं म्हणत त्यांनी आत्याला खुर्चीत बसवलं, हात वर करायला लावले, हवेत लिहायला लावलं आणि पुन्हा माप घेतलं. शिवणीतून सोडवायला कापड नव्हतंच, माझी कृपा. मग त्यांनी खालून वीतभर कापलं. त्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना जोडल्या आणि काखेत चौकोनी तुकडे बसवले. त्यांना चौबगले म्हणतात.

कुर्ता गुडघ्याशी आला. आत्या एकदम उंच दिसायला लागली, चालही मोकळी झाली. मी ज्याला भारदस्त म्हणत होते, तो नुसता घोळ होता.

मंगळवारी तिने फळा वरपासून खालपर्यंत भरला. बढती तिलाच मिळाली.

तेव्हा थोरले, माप बसून घे, हात वर करून घे, आणि पोटभर जेवून घे. आत्याच्या कुर्त्याचा निळा रंग आता विटला आहे, कॉलर एकदा बदलून झाली. चौबगले शाबूत आहेत.