बर्फातला रोहू आणि भीमेकाठचा शनिवार

लोक नदीवर मासे धरायला जातात. मी गेले ती नवऱ्याला धरायला.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच सुधीरनं गळ, रॉड आणि भलीमोठी टोपी विकत आणली. मग दर शनिवारी पहाटे भीमेवर जायचं आणि दुपारी एक चांगला जाडजूड रोहू घेऊन घरी यायचं, असा क्रम सुरू झाला. पहिल्या वेळी मी कौतुक केलं. पण माझं माहेर वेंगुर्ल्याचं. मासा हातात आला की त्याची सगळी कुंडली मला कळते. या रोहूंचे डोळे आत गेलेले, कल्ले चॉकलेटी आणि अंगाला बर्फाचा गारवा. सकाळी नदीत पोहणारा मासा दुपारपर्यंत बर्फात कधी झोपून आला?

"वाटेत बर्फ घेतला गं," सुधीर म्हणाला. ज्या माणसाला आजवर कोथिंबीर आण म्हणून तीनदा सांगावं लागलं, तो म्हणे आपण होऊन बर्फ घेणार!

म्हणजे मासा विकतचा होता. मग हा दर शनिवारी जातो कुठे? मला दोनच शक्यता दिसत होत्या. मला न विचारता तिकडे जमीन बघतोय, नाहीतर कुणाला तरी भेटतोय. इतक्या वर्षांच्या संसारानंतर यातलं काहीही मला झेपलं नसतं. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो बूट घालायच्या आत मी गाडीत जाऊन बसले.

"तुला ऊन लागेल," तो म्हणाला.

"लागू दे."

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. हडपसरहून सोलापूर हायवेनं उरुळी कांचन, यवत करत चौफुल्याला यायचं आणि तिथून डावीकडे न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचं. सरळ त्याच रस्त्यानं गेलात तर शिरूरला पोचाल, पण नदी त्याच्या बरीच आधी लागते. पहाटे निघालात तर रस्ता मोकळा मिळतो, मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे सांभाळा. पेट्रोल, नाश्ता धरून दोघांचं हजारात आटपतं.

चौफुल्याला मिसळ खाल्ली. तर्री इतकी लाल की मला रंगाचा संशय आला, तरी दोन पाव जास्तच खाल्ले. सुधीरनं चहा घेतला नाही. "सोडलाय," म्हणाला. केव्हा सोडला? मला कसं कळलं नाही? पुढे एका गुऱ्हाळावर गूळ घ्यायला थांबलो, तर उकळत्या रसाच्या काहिलीजवळचा कामगार आपणहून म्हणाला, "भाभीजी, केमिकल बिलकुल नहीं है." मी विचारलं नव्हतं, मग यानं सांगितलं का? तरीही दोन ढेपी घेतल्या, पण पिवळीधमक सोडून काळपट बघून. तुम्हीही तशीच घ्या.

या सगळ्या वेळात सुधीर दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता, लायसन्सच्या परीक्षेला बसल्यासारखा. अपराधी माणूस असाच बसतो, असं माझं पक्कं मत झालं.

नदीकडे जायला उसातून कच्ची वाट आहे. नदी म्हणावी तर बंधाऱ्यामागे अडवलेलं, जागचं न हलणारं पाणी. काठाला जलपर्णीची हिरवी गादी आणि एक ओळखीचा वास. तो आपल्याच पुण्याच्या सांडपाण्याचा. पलीकडच्या काठाला बगळे, अलीकडे बाभळींची विरळ सावली, आणि काठावरून पाण्यात उतरलेले शेतीच्या मोटारींचे पाइप. बसण्याआधी जवळच्या वस्तीवर विचारा, मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे तेही विचारा. तिथे अनोळखी माणसावर नजर असते. हे मला तिथे गेल्यावर कळलं.

बाभळीखाली एक पांढऱ्या दाढीचे, डोक्याला पंचा बांधलेले गृहस्थ मोटारी राखत बसले होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं, मीही त्यांना तसंच पाहिलं.

"ही माझी बायको, उस्मानमामा," सुधीर जरा घाईनंच म्हणाला.

मामांनी मान हलवली. मग सुधीरच्या हातातला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आपल्या हातात घेतला, त्याला गळ बांधला, कणकेची गोळी लावली आणि रॉड परत दिला. सुधीर पाण्याकडे पाहत होता. मासे धरायला आलेला माणूस स्वतःचा गळ दुसऱ्याकडून बांधून घेतो? या दोघांचं काहीतरी ठरलेलं आहे, हे मी ओळखलं. तेवढ्यात सुधीर खुर्च्या आणायला गाडीकडे गेला आणि मी संधी साधली.

"मामा, खरं सांगा. हे इथं येऊन काय करतात?"

"मासं धरत्यात की."

"मिळतात?"

"कवा मवा येकादी चिलापी. ती बी सोडून देत्यात."

"मग तो रोहू?"

"त्यो चौफुल्याचा आसंल," मामा हसले. "बर्फातला."

"आणि यांना इथं कोणी भेटायला येतं का?"

मामांचं हसू थांबलं. "वहिनी, तुमी संशय घेताय व्हय? आमी बी घेतला हुता." त्यांनी काठीनं मोटारीच्या स्टार्टरची पेटी दाखवली. "आमची केबल चोरट्यांनी तोडून न्हेली. तांब्यासाटनं. आन् दुसऱ्याच दिवशी ह्ये सायेब त्या पेटीपाशी बसल्यालं, हातात पक्कड. हात आसं लटालटा कापत्यात. म्हनलं, घावला! चोर न्हाई तर भ्यालाय कशाला? चौघांनी धरून वस्तीवर न्हेलं."

"मग?"

"मग गाडी बगितली. गळ निघालं, पक्कड तंगूस तोडायची. आमालाच लाज वाटली. माफी मागितली, च्या दिला. तर समदा च्या शर्टावर. आता भ्या गेलं, तरी हात थांबंना. तवा कळलं, ह्ये भ्याचं न्हाई." मामांनी काठी खाली ठेवली. "माझ्या थोरल्या भावाला कंपवात हाय, त्येचं बी आसंच सुरू झालं हुतं. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. चार अनोळखी माणसांना ठाऊक होतं, आणि मला नव्हतं. आधी भयंकर राग आला. मग भीती वाटली.

सुधीर खुर्च्या घेऊन आला. डाव्या काखेत दोन्ही खुर्च्या, उजवा हात खिशात. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि बसला. मीही बसले. उन्हं वर येईपर्यंत आम्ही तंगुसाला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोंडाकडे बघत राहिलो. एकदा ते बुडालं, सुधीरनं रॉड उचलला. तळहाताएवढी चिलापी होती. ती गळावरून काढताना त्याचा उजवा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. मामा पुढे आले नाहीत, मीही गेले नाही. खूप वेळ लागला, पण त्यानंच काढली आणि पाण्यात सोडली.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून असेल."

"डॉक्टर?"

"नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?" माझा आवाज चढला होता, डोळ्यांनाही धार लागली होती.

तो बाहेरच्या उसाकडे बघत म्हणाला, "तुला शंका आली की खात्री केल्याशिवाय तू थांबत नाहीस. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतंस मला. नदीवर हात लपवावा लागत नाही, आणि तुला शंका येऊ नये म्हणून तो रोहू. मला थोडे दिवस नुसती शंकाच हवी होती गं. शंका आहे तोवर कदाचित काही नसेलही."

यवतला उसाचा रस प्यायलो. त्यानं ग्लास दोन्ही हातांनी धरला, माझ्यासमोर, न लपवता.

तुम्ही विचाराल, ही सहल करावी का? करा. मासे खायचे असतील तर नको, पण सकाळी बाभळीखाली गार असतं आणि मामा माणूस भला आहे. मी मात्र घरी आले ती एक भीती आणि एक समाधान घेऊन, आणि दोन्हींतलं जड कुठलं ते अजून ठरत नाही. तो मला फसवत नव्हता. पण तसाच फसवत असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

सोमवारी क्लिनिकला फोन लावला. तिकडची मुलगी चटपटीत होती, म्हणाली, "उद्या सकाळचीच वेळ देते, मॅडम." समोर सुधीर वर्तमानपत्र उघडून बसला होता. पान मात्र उलटत नव्हता.

"उद्याची नको," मी म्हणाले. "शनिवार जाऊ दे. त्यानंतरची द्या."