सायबाचं गाणं, अमीनाबीचा गळा

गायला बसण्याआधी अमीनाबी श्रोत्यांना घरी जायची परवानगी देत असे. तोंडातलं पान थुंकून येई, पदर खोचून बसे आणि म्हणे, "गाणं अमेरिकेच्या मान्साचं हाय, गळा माझा हाय. ज्याला दोन्ही सोसत न्हाय, त्यानं आत्ताच उठावं. मागनं तक्रार चालायची न्हाय." मी तिच्या साथीला पेटी वाजवत असे. महाराजांच्या राज्यात त्या काळी कोल्हापुरात गाण्यातलं कळणारी माणसं इतकी होती, की गाणाऱ्यांची फारशी गरजच भासत नसे.

ती मूळची शिरोळची. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती कोल्हापुरात एका अमेरिकन पाद्रीसाहेबाच्या शाळेत मुलींना शिवण शिकवू लागली. साहेबाची मडम बाजाच्या पेटीवर आपल्या देशातल्या एका जुन्या, केव्हाच वारलेल्या गीतकाराची गाणी म्हणे. शेजारच्या खोलीत टाके घालता घालता अमीनाबीनं ती उचलली. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. शब्द कानाला लागले तसे घेतले, अर्थ मडमेला विचारून घेतला.

तिचं आवडतं गाणं परमुलखात राबणाऱ्या एका माणसाचं होतं. तो घरच्या अंगणाची आठवण काढतो, एवढंच. मडम ते घड्याळासारखं म्हणे. अमीनाबी तालाच्या मागं रेंगाळे, 'होम', म्हणजे 'घर', या शब्दापाशी येऊन थबके, बाजूनं वळसा घाली, आणि 'आता ही चुकली' असं मला वाटेपर्यंत समेवर हजर! आज म्हटलं ते उद्या तसंच म्हणेल याची खात्री नाही. एकदा मी कुरकुरलो, "निदान मला तरी आधी सांगत जा."

"मला तरी कुठं ठावं असतंय? त्यो मानूस घराकडं निघालाय, मास्तर. रोज एकाच वाटंनं जाईल व्हय?"

साहेबाकडं अमेरिकेहून पाहुणे आले तेव्हा शाळेच्या मोठ्या खोलीत तिचं गाणं ठरलं. साहेबानं तिला बजावलं, "पुस्तकात आहे तसंच म्हणायचं. नाहीतर उद्यापासून शाळेत येऊ नका." गावातले मोठे जाणकार तात्यासाहेब पहिल्या रांगेत येऊन बसले. शिवणवाली कशी गाते ते ऐकायचं आणि मग घरोघर जाऊन सांगायचं, एवढं समाजकार्य त्यांना करायचं होतं.

पहिलं कडवं तिनं अगदी पुस्तकाबरहुकूम म्हटलं. साहेब पाहुण्यांकडं बघून हसला. दुसऱ्या कडव्याला तिनं डोळे मिटले आणि मला घाम फुटला. शब्द लांबले, सूर वाट सोडून हिंडू लागला, एकच ओळ ती दर खेपेला नव्या अंगानं आळवू लागली. "यात राग कुठला?" म्हणत तात्यासाहेब उठले. "हे मूळ गाणंच नव्हे," म्हणत साहेब उठला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं त्या दिवशी एकाच दारातून, एकमेकांना आधी वाट देत, बाहेर पडली. दोन धर्मांची एवढी एकी मी पुन्हा पाहिली नाही. मडम मात्र जागची हलली नाही. रुमाल तोंडाशी धरून ती शेवटपर्यंत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अमीनाबीची नोकरी गेली. "आता काय करणार?" मी विचारलं.

"शिवनार. सुई काय सायबाची न्हाय." मग सुईत दोरा ओवत म्हणाली, "पोरींची लई सवय झालती वो."

ती शिरोळला परतली. मडम बैलगाडीनं तिच्याकडं जात राहिली आणि तिच्याकडून गाणं नि मराठी दोन्ही शिकून येऊ लागली. बायको धर्मप्रचाराला जाते, अशी साहेबाची समजूत होती.

जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपता संपता तापाची साथ आली, तीत अमीनाबी गेली. त्याबरोबर कोल्हापूरला तिची थोरवी समजली. शोकसभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच तात्यासाहेब. "तिला प्रथम ओळखलं ते मी," ते गहिवरून म्हणाले. "त्या बैठकीत शेवटच्या सुरापर्यंत मी भान हरपून बसलो होतो." शेजारी बसलेल्या साहेबानं गंभीरपणे मान डोलावली.

मागच्या रांगेतून मडम उठली.

"तात्यासाब, खोटं कशाला बोलताय? तुमी मधनंच उठून गेलता की."

मडमेनं नवऱ्याकडं बोट केलं.

"आनि ह्यो बी."

मग ती खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. इतका वेळ चाललेल्या त्या शोकसभेत कुणी रडण्याची ती पहिलीच वेळ होती.