हलीनाचं पातेलं

आमच्या सुनेत्राच्या घरातून भांडं रिकामं परत आलेलं मी कधी बघितलं नाही. मी निशिगंधा, आयर्लंडमधल्या ॲथलोन गावात तिच्या समोरच राहते. मी डब्यातून दहीवडे पाठवले की डबा आठवडाभर गायब. मी ओरडायची, "अगं बाई, माझ्या नवऱ्याचा ऑफिसचा डबा आहे तो, दे की!" तर हिचं ठरलेलं, "थांब गं, रिकामा कसा देऊ?" मग एके दिवशी डबा यायचा, घासून लख्ख केलेला आणि आत शंकरपाळे. भांड्यांचं तर वेडच तिला. लग्नातली स्टीलची भांडी तिने बॅगा भरभरून इकडे आणली, आणि प्रत्येकावर नाव घातलेलं, 'सौ. सुनेत्रा सुभाष टिपणीस'. मी चिडवायची, "इथे कोण तुझी वाटी पळवतंय गं?"

मूळची ठाण्याची. इथे मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासते. नळीवर कुठे डाग दिसला की अख्खी बॅच बाजूला. तोच डोळा घेऊन घरी येते, त्यामुळे तिच्याकडे चहा पिताना मला माझा कप लपवावासा वाटतो.

लग्न होऊन ती आयर्लंडला आली तेव्हा टीव्हीवर बगदाद जळत होतं आणि ही बया दुकानादुकानात कणीक शोधत फिरत होती. तिचा मुलगा ओजस पोटात होता तेव्हा लेबनॉनवर बॉम्ब पडत होते. आमच्या गावात लष्कराची छावणी आहे, इथली पोरं शांतिसेनेत तिकडे जातात, म्हणून तेवढं नाव तरी ओळखीचं. पुढे ओजसचे केस कापणारा सीरियाचा निघाला, तिच्या गुडघ्याचा डॉक्टर सुदानचा. सुनेत्राने कुणालाच काही विचारलं नाही. बातम्या लागल्या की आवाज कमी करायची. "आपण काय करणार गं?" म्हणायची. खरं सांगू? मीही तेच म्हणायची.

मग युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि ते थेट तिच्या शेजारीच राहायला आलं. शेजारच्या मिसेस गेराटींनी आपल्या दोन खोल्या हलीना नावाच्या बाईला दिल्या. हलीना खेरसॉनची, आमच्याच वयाची. इथे वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायची. तिची आई मात्र कोंबड्या आणि बाग सोडून हलायला तयार नव्हती. निघताना तिने उकडलेले बटाटे भरलेलं गरम पातेलं लेकीच्या हातात कोंबलं होतं. इनॅमलचं, पांढरं, वर चेरीची चित्रं, काठाला दोन टवके उडालेले. घरातली तेवढी एकच वस्तू हलीनाबरोबर इथवर आली.

एका हिवाळ्यात सुनेत्रा बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तर हलीना त्याच पातेल्यातून बिटाचं सूप घेऊन दारात हजर! मांस चालत नाही हे तिने आधीच विचारून घेतलं होतं, राजमा घालून केलेलं. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला म्हणाली, "हिला मी पुरणपोळ्या भरून देणार. साधंसुधं नाही चालायचं."

झालं! मोडक्या हाताने पोळ्या कुठल्या लाटायच्या? हात बरा झाला तर कारखान्यात ऑडिट आलं. मग सासूबाईंचं आजारपण निघालं आणि ही ठाण्याला जाऊन आली. पातेलं आपलं स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आमच्याही तोंडात तेच बसलंय. हलीनाने एकदा मागितलं, मग परत एकदा मागितलं. मी होते तिथे. सुनेत्राने फोनवर भाषांतर करून तिला समजावलं, आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. हलीना हसली. आमच्याकडेही नाही देत, म्हणाली. निघताना तिने एकदा मागे वळून प्रेसकडे पाहिलं मात्र.

ओजस म्हणाला, "मम्, जस्ट गिव्ह इट बॅक." आयरिश हेल काढून.

"तुला नाही कळायचं ते," सुनेत्रा म्हणाली. "आता दिवाळीला फराळच भरून देते."

दिवाळीच्या तोंडावर हलीनाला फोन आला. आईच्या घरावर तोफेचा गोळा पडला होता. हलीना सकाळच्या बसने डब्लिन विमानतळाला गेली, तेव्हा सुनेत्रा कामावर होती. संध्याकाळी ती भाजणीच्या चकल्या पातेल्यात रचून शेजारी गेली आणि मिसेस गेराटींकडून तिला कळलं. तशीच माझ्याकडे आली. दारातच रडायला लागली, चकल्यांसकट.

काही दिवसांनी हलीनाचा निरोप आला. आई गेली. घराच्या भिंतीसुद्धा राहिल्या नाहीत, स्वयंपाकघरातला चमचाही सापडला नाही. शेवटी लिहिलं होतं, 'माझं पातेलं सांभाळ. आईचं तेवढंच उरलंय.'

त्या दिवसापासून सुनेत्राचा जीव त्या पातेल्यात अडकला. त्याला कुणाला हात लावू देईना. आणि मग एका रविवारी मी गेले तर ही सिंकपाशी बाह्या सरसावून उभी. व्हिनेगर, सोडा, तारेची घासणी, ठाण्याहून आणलेली पितांबरी, सगळा सरंजाम मांडलेला. "कसं काळं पडलं होतं गं बूड," म्हणाली. "वर्षानुवर्षांचं जळकं. आणि खाली कसला तरी लाल रंग चिकटलेला, निघता निघेना." कपाळावर घाम, बोटं सोललेली. "तिची आईच आहे म्हटलं ही आता. अशी द्यायची का?" बूड आरशासारखं चमकत होतं. वाहवा, मी म्हटलं, नवं कोरं दिसतंय.

वसंतात हलीना परत आली. निम्मी झाली होती बाई. दुसऱ्याच दिवशी दुपारी सुनेत्राने तिला घरी बोलावलं, मलाही. टेबलावर पातेलं, त्यात बेसनाचे लाडू शिगोशीग, वर बेदाणे. सुनेत्राचा चेहरा पाहण्यासारखा होता. एकदाची सुटले, असं काहीतरी त्यावर होतं.

हलीनाने लाडवांकडे बघितलंही नाही. एकेक लाडू उचलून ताटलीत ठेवायला लागली, घाई न करता. पातेलं रिकामं झालं तसं तिने ते पोटाशी धरलं, काठाच्या टवक्यांवरून अंगठा फिरवला आणि मग उलटं केलं. खिडकीपाशी नेलं. परत बघितलं.

"नादिया," ती म्हणाली.

आम्हाला काही कळेना. मग तिने फोन काढला, तिच्या भाषेत बोलली आणि फोन ते मराठीत सांगायला लागला. नादिया माझ्या आईचं नाव. शेजारीपाजारी भांडी जायची, म्हणून बुडाला तिने नेलपेंटने नाव लिहिलं होतं. घर गेलं, फोटो गेले, पत्रं गेली. आईचं अक्षर फक्त इथे होतं.

लाल रंग, लाल रंग, एवढंच सुनेत्रा पुटपुटत राहिली. जिच्या घरातल्या वाटीवाटीवर नाव आहे, तिला ते नाव आहे हे कळू नये! तिला ती युक्रेनी अक्षरं वाचता येत नव्हती हे खरं, पण त्या क्षणी तिला हे कोण सांगणार?

हलीनानेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "इट्स ग्रँड," म्हणाली, 'चालतंय गं' या अर्थी इथल्या बायका म्हणतात तशी. एक लाडू तोंडात घातला, पातेलं ओढणीत गुंडाळावं तसं स्कार्फमध्ये गुंडाळलं आणि घरी गेली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सुनेत्राने ताटलीतले लाडू डब्यात भरायला घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "निशी, ती पहिल्यांदा मागायला आली, तेव्हा ते इथेच होतं गं. प्रेसमध्ये. नावासकट. रिकामं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"