सहाचे चार कुणी केले?

निशा कांबळे बाईंचा राग जयसिंगपुरातल्या त्या हायस्कुलात शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. आठवीची पोरं त्यांना पाठीमागं 'हायड्रोजन' म्हणतात. जळती काडी जवळ नेली की फट्! हे नाव बाईंच्या कानावर गेलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतंही. पोरांना हायड्रोजन ओळखायचा कसा एवढं तरी पाठ झालं, असं त्या स्टाफरूममध्ये सांगतात.

पण बाईंचं म्हणणं असं, की आपण उगाच कुणावर भडकत नाही. आपला राग एका शब्दावर आहे, तो म्हणजे 'जुळवणं'. प्रयोग करायचाच नाही. गेल्या वर्षीची कुणाची तरी जर्नल समोर ठेवायची, खाली उत्तर आधी लिहायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं वर भरायची. बारावीत बाईंनी लंबकाचा प्रयोग केला होता. गुरुत्वाचा पुस्तकातला आकडा नऊशे ऐंशी, यांचा आला एक हजार बारा. सर म्हणाले, "खोड आणि जुळवून आण." बाई म्हणाल्या, "माझा लंबक असाच हलला, त्याला मी काय करू?" झालं! तीसपैकी चौदा मार्क. आणि शेजारच्या टेबलावर जिनं लंबकाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिला अठ्ठावीस. याला बावीस वर्षं झाली, तरी ते चौदा मार्क आठवले की बाईंची कानशिलं तापतात.

"जुळवायची ती लग्नं! आकडे नव्हेत!" हे वाक्य त्यांच्या वर्गातून आठवड्याला एकदा तरी व्हरांड्यापर्यंत ऐकू येतं.

यंदा दीपा चौगुले नावाची आठवीतली मुलगी त्यांच्याकडं एक प्रश्न घेऊन आली. शिरोळच्या बाजूला तिच्या घरचं रान आहे, त्यातला एक तुकडा क्षारपड. वर्षानुवर्षं पाणी सोडून सोडून मातीवर पांढरं मीठ फुटलेलं, तिथं काही धड उगवत नाही. दीपानं विचारलं, "बाई, मीठच हाय तर माती धुऊन काढली तर?"

बाई खुर्चीतून उठल्याच. बाकीच्या शाळा बाजारातून तयार ज्वालामुखी आणतात, त्यात सोडा टाकून फेस काढतात आणि टाळ्या घेतात. इथं एक पोरगी स्वतःच्या बांधावरचा प्रश्न विचारत होती. मग पाच डबे ठरले, तळाला भोकं पाडलेले. पहिल्या डब्यात रानातली माती जशीच्या तशी, दुसऱ्यात एकदा धुतलेली, तिसऱ्यात दोनदा, असं करत पाचव्यात चारदा धुतलेली. प्रत्येकात पंचवीस मूग पेरायचे, डबे घरामागच्या परड्यात ठेवायचे, आणि आठ दिवस किती उगवले ते रोज मोजून वहीत लिहायचं.

कोल्हापूरच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेचा प्रकल्प जायची ही पहिलीच वेळ. "खऱ्या प्रयोगाला बक्षीस मिळतं का नाही ते मी दाखवतेच," असं बाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाई नावनोंदणी करून आल्या, आणि दीपाच्या टेबलामागं लावलेल्या तक्त्यासमोर थबकल्या. शाळेचे कॉम्प्युटरचे ऋतुराज सर तो छापून घेऊन आले होते. रंगीत, झकपक. पाच डबे आणि आठव्या दिवशीचे पाच आकडे: चार, आठ, बारा, सोळा, वीस.

बाईंनी एकदा वाचलं, परत वाचलं. एकेक पायरी चारचीच! मुगाला काय पाढे येतात? आणि तिसऱ्या दिवसापर्यंतची वही तर बाईंनी स्वतः तपासली होती. पहिल्या डब्यात तेव्हाच सहा उगवलेले.

"ऋतुराज सर! तिसऱ्या दिवशी सहा, आणि आठव्या दिवशी चार? दोन मूग काय लाजून परत आत गेले?"

"करपले असतील बाई..."

"उगवलेले मोजायचेत, जगलेले नव्हे! कुणी केले सहाचे चार?"

सर गोंधळले. गेल्या वर्षी पावसाच्या नोंदींचा तक्ता 'बरा दिसावा' म्हणून याच माणसानं सगळे आकडे गोल करून छापला होता. बाईंनी तेव्हा तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. आज तो सगळा राग व्याजासकट बाहेर पडला. तुम्हाला विज्ञान कळत नसेल तर निदान हात तरी लावू नका, पोरीच्या आठ दिवसांच्या कष्टाची माती केलीत, असल्या माणसांना शाळेत घेतं कोण! शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखीवाला मुलगा हातातला सोडा तसाच धरून बघत राहिला.

"शपथेवर सांगतो बाई, मुलीनं कागदावर लिहून दिलं तेच छापलंय."

"पोरीवर ढकलताय? लाज वाटत नाही?" बाई गर्रकन वळल्या. दीपा भिंतीला टेकून उभी होती. "दीपे, वर बघ. कुणी बदलले सांग. तुला कोण काय करतंय तेच बघते मी!"

दीपानं मान वर केली. "बाई, मीच."

"काय?"

"मीच जुळवलं. तिसऱ्या दिवशी तुमी वही बघितला न्हवं? तिसऱ्या डब्यात दुसऱ्यापेक्षा कमी हुतं. तुमी वरडला, हे काय लिवलंयस, लक्ष कुठं हाय तुझं, पाणी घालतीस का न्हाई! मी रोज घातलो बाई, मापानंच घातलो. तरी शेवटपत्तोर तसंच आलं. मग मी भ्यालो."

बाईंना तो दिवस आठवला. वह्यांचा ढीग समोर होता, तास संपत आला होता, आणि एक आकडा मनासारखा नव्हता. असं का आलं असेल, एवढा साधा प्रश्न विचारायचा सोडून त्यांनी ती वही पोरीच्या अंगावर जवळजवळ फेकली होती. आता त्यांना स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एवढ्या माणसांत आपण शहाण्या म्हणून मिरवलो, आणि पोरीला खोटं लिहायला लावलं ते आपणच.

"सर, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.  ऋतुराज सरांनी तक्त्याच्या टाचण्या काढायला घेतल्या.

"खरे आकडे हायत का कुठं?" बाईंनी दीपाला विचारलं.

दीपानं दप्तरातून वही काढली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: सात, अकरा, आठ, पंधरा, तेरा. बाईंनी त्या आठावर बोट ठेवलं. दोनदा धुतलेल्या मातीत एकदा धुतलेलीपेक्षा कमी! का बरं? भोकं बुजली असतील? पाणी साचलं असेल? यावरच तर बोलायचं होतं आज. तेवढ्यात दोन्ही परीक्षक, हातात गुणांचे कागद घेऊन, ज्वालामुखीच्या टेबलापर्यंत आले.

"बाई, त्यास्नी खरंच सांगतो मी," दीपा हळूच म्हणाली. "ह्योच आकडा दाखवतो. पर तुमी वरडणार न्हाईसा न्हवं?"

बाईंना तिला जवळ घ्यायचं होतं. हळू आवाजात, मायेनं सांगायचं होतं.

"न्हाई वरडणार!" त्या म्हणाल्या, आणि अर्धा हॉल वळून बघायला लागला. दीपा वही छातीशी धरून दोन पावलं मागं सरकली.