ओट्याओट्यांवरची शाळा

मला राग लवकर येतो. शाळा बंद करण्याचा हुकूम हातात पडला तेव्हाही आधी राग आला, काळजी मागाहून.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषद नवी होती आणि मास्तरीण म्हणून मीही नवीच होते. खामगाव सोडून देऊळघाटजवळच्या एका खेड्यात एकटी राहायला आले होते. शाळा एकशिक्षकी, घंटाही मीच द्यायची, छडीही माझीच. त्या वर्षी गावात देवीची साथ आली. आधी एका दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला, मग बघता बघता वेशीपासून मारुतीपर्यंत दारोदार डहाळे दिसू लागले. डहाळा दिसला की त्या घरात माता आली आहे असं समजायचं आणि उंबऱ्याच्या आत पाय घालायचा नाही.

हुकूम मी नीट वाचला. मुलं एका जागी जमवू नयेत, असं त्यात होतं. शिकवू नये, असं कुठेच नव्हतं. मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी-खडू घेऊन गल्लीत उभी राहिले आणि घसा ताणून ओरडले, "ज्यानं त्यानं आपापल्या ओट्यावर बसायचं. जो खाली उतरेल त्याची धडगत नाही."

अशी आमची शाळा सुरू झाली. मी गल्लीच्या मधून चालायची आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून पाढे यायचे. ज्यांना ओटा नव्हता ती पोरं दारातल्या बैलगाडीवर बसत. पावकी-निमकी म्हणताना गल्ली दणाणून जायची. तुरी निवडत बसलेल्या बायाही गुणगुणायला लागल्या, आणि सतराच्या पाढ्यात एका सुनेनं सासूला मागे टाकलं तेव्हा त्या घरात दोन दिवस अबोला होता. पिंजाऱ्याची बायको कापसाच्या ढिगाआडून ओरडायची, "बाई, मेरे वाले से भी पूछो ना! उसको सब आता है." त्याला काहीसुद्धा येत नव्हतं, पण मी विचारायची.

शाळेत वाटायची दुधाची पावडर कुलपात पडून होती. कुलूप माझंच, तेव्हा मी कोणाला विचारलं नाही. सकाळी दूध कालवायचं आणि ज्या घरावर डहाळा असेल त्याच्या उंबऱ्यावर त्यांचंच भांडं भरून ठेवायचं. देवी डॉक्टर, म्हणजे देवी टोचणारा सरकारी माणूस, गावात आला की बाया पोरं कणगीमागे लपवत. मी भर गल्लीत त्याच्यापुढे आधी माझा दंड धरला. लहानपणी टोचलेलं असूनही पुन्हा टोचून घेतलं आणि हाताला ठणका लागला तरी हसत उभी राहिले. त्या दिवशी गल्लीतल्या बऱ्याच पोरांनी दंड पुढे केले. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

पण एका घरापुढे माझी मात्रा चालेना. ते घर माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवणाऱ्यांचं. चौथीतली माझी सगळ्यांत हुशार पोरगी त्याच घरातली. चौथीची परीक्षा तेव्हा गावात होत नसे, देऊळघाटच्या केंद्रावर जावं लागे. ती पास झाली असती तर पुढच्या शाळेचा रस्ता मोकळा होता, आणि नाही बसली तर वांग्याच्या वाफ्यात आयुष्य ठरलेलं. घरात शब्द चाले तो तिच्या मोठ्या बापाचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. वडील त्याच्यापुढे मान वर करत नसत. आई तर जेठ समोर असला की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला लागायची. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

पोरगी ओट्यावर दिसेना म्हणून मी बोलायला गेले तेव्हा मोठा बाप म्हणाला, "शाया बंद झाली, बरं झालं. आता पोरगी वांगे तोडाले येऊन राह्यली. तुमाले पगार त भेटते ना, बाई? मंग काऊन घसा फोडून राह्यल्या?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. उपयोग मात्र शून्य झाला. त्या माणसानं घरातल्या एकाही पोराला टोचू दिलं नाही, आणि थोड्याच दिवसांत त्या दारावर डहाळा लागला. माता आली होती ती माझ्या चौथीतल्या पोरीलाच.

मी रोज उंबऱ्यावर दूध ठेवत होते आणि आतून कण्हणं ऐकत होते. परीक्षा मी विसरूनही गेले. पोरगी जगावी, एवढंच मागत होते.

अशात एका सकाळी तो मोठा बाप माझ्या दाराशी आला. अनवाणी, डोक्याला पागोटं नाही, हात जोडलेले. पोरगी गेली, असंच मला वाटलं.

"बाई, मायनं मागनं केलं," तो म्हणाला.

हे समजायला तिथली रीत ठाऊक पाहिजे. ज्याच्या अंगावर देवी येतात तो आजारी माणूस नसतो, तीच देवी असते. त्याला 'माय' म्हणायचं, त्याच्यापुढे मोठ्यानं बोलायचं नाही, घरात फोडणी घालायची नाही, आणि त्यानं जे मागितलं ते द्यायचं. दिलं नाही तर देवी कोपते आणि घर बसतं.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"चौथीची परीक्षा." तो अगदी रडकुंडीला आला होता. "खन-नारय मागतला असता त देला असता, बाई. बकरं मागतलं असतं त तेबी देलं असतं. आता हे परीक्षा कुठून आनू मी?"

हसू दाबताना माझी फार पंचाईत झाली. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "मायचा शब्द आहे, भाऊ. द्यावी लागेल."

त्यानं दिली. त्याच दिवसापासून आमची शाळा त्यांच्या खिडकीपुढे जास्त वेळ थांबावी, अशी त्याचीच आज्ञा झाली. मी रस्त्यातून धडा वाचायची, आणि काही दिवसांनी आतून बारीक आवाजात उत्तर यायला लागलं. ते पहिलं उत्तर चुकलेलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी बरोबर म्हणून टाकलं.

पोरगी वाचली. चेहऱ्यावर वण राहिले, डोळे शाबूत राहिले. परीक्षेत ती पास झाली हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या दिवशीचं. मोठ्या बापानं स्वतः गाडी जुंपली आणि देऊळघाटला आणली. पोरीला अजून अशक्तपणा होता, म्हणून आईही बरोबर आली. पोरगी आत गेली, मोठा बाप बैलांना पाणी पाजायला गेला, आणि मी आणि तिची आई भिंतीच्या सावलीत बसलो. आईच्या मांडीवर तिची धाकटी मुलगी होती.

आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदर मागे केला. तेव्हा मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

"बाई, एक विचारू? ते परीक्षेचं मागनं मायचं नव्हतं. पोट्टी तापात होती. तिच्या कानात म्या सांगतलं, आनं तिनं म्हनलं. माह्या तोंडाले त्या घरात किंमत नाही. देवीच्या तोंडाले हाय." तिनं धाकटीला पोटाशी घेतलं. "मंग लय भेव लागलं. पोरीचा ताप वाढला, आनं मी रातभर म्हनत बसली, कोपाचं त माह्यावर कोप, तिले सोड."

मी गल्लीभर घसा फोडला होता, दंड दाखवत फिरले होते, आणि शाळा आपण चालवली म्हणून मनातून फुगले होते. या बाईनं मरणाच्या दारात पडलेल्या आपल्या लेकराच्या उशाशी बसून, ज्या देवीला ती खरोखर भीत होती तिच्याच तोंडी आपला शब्द घातला होता. तिच्याएवढा अभिमान मला आजवर कोणाचा वाटलेला नाही, माझा स्वतःचाही नाही.

"पाप झालं का, बाई?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मुळीच नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तसा तिनं पदर पुन्हा खाली ओढला आणि मांडीवरच्या धाकटीला माझ्याकडे सरकवलं.

"मंग हिचंबी नाव लिहून घ्या," ती पदराआडून म्हणाली.