तपकिरीचं बोट

मला राग लवकर येतो. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली, सगळा धीर तिथेच खर्ची पडला, असं मी हसण्यावारी नेते. घरच्यांच्या वाट्याला उरली ती माझी जीभ. ही हकिगत त्या जिभेची आहे, आणि माझ्या उजव्या हाताच्या एका बोटाची.

आमचं गाव शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीच्या अलीकडे. घरामागे दोन गुंठ्यांचा तुकडा आहे. आजूबाजूला सगळा ऊस आणि केळी, पण या तुकड्यावर मी निवृत्त झाल्यापासून घरापुरती भाजी काढते. वांगी, मिरची, गिलकी, थोडी मेथी. कोणी माझ्या वाफ्याला नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

सून धडगावकडची, डोंगरातली. मुलगा तिकडे नोकरीला होता, त्यानंच पसंत केली. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं बेताचंच होतं. तिची बोली पावरी, आमची अहिराणी, आणि मधे शाळेतली मराठी, जी आम्हा दोघींनाही पायात बूट घातल्यासारखी वाटायची. गेल्या पावसाळ्यात तिची आई गेली. दिवाळीनंतर बाप आणि भाऊ ऊसतोडीला गुजरातेत निघाले, घराला कडी लागणार होती. त्याआधी ती एकदा जाऊन आली. जीपमधून उतरली तेव्हा फडक्यात बांधलेली एक शेणाची थापटी दोन्ही हातांत धरलेली.

मी म्हटलं, "धडगावहून गोवरी आणली? आपल्याकडे शेणाला काय तोटा आहे?"

"हाई मन्ही मायनं बी शे," ती म्हणाली. आमच्या बोलीतलं तिचं ते पहिलं धड वाक्य.

तिच्या आईनं टमाट्याचं बी शेणात कालवून भिंतीवर थापून ठेवलं होतं. त्यांच्याकडे बी असंच राखतात, कीड लागत नाही. लहान, आंबट, चिरा पडलेली गावठी टमाटी. थापटीवर चार बोटांचे ठसे उमटलेले होते. तिनं ती भिंतीवरून अखंड सोडवून आणली होती.

अर्धं पेरावं, अर्धं ठेवावं, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "बी ठेवून काय लोणचं घालायचं का? पेर सगळं. पुढच्या वर्षी डबाभर होईल." तिनं माझं ऐकलं. थापटी पाण्यात भिजत घातली आणि ठसे विरघळेपर्यंत पातेल्याजवळ बसून राहिली. मी ते पाहिलं आणि चहा ठेवायला निघून गेले.

चाळीसेक रोपं लागली. होळीपर्यंत फुलोऱ्यावर आली आणि मग आभाळ बिघडलं.

आमच्याकडे होळीनंतर उन्हानं डोकं फुटतं, पण आभाळ लख्ख असतं. त्या उन्हाची आम्हाला सवय आहे, त्याच्याशी कसं वागायचं ते कळतं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आठ-आठ दिवस ढग हटेनात. वारा नाही, नुसता घामट उबारा. एका दुपारी वावटळ उठली आणि तिच्यामागून गारा आल्या, बोराएवढ्या. आम्ही दोघी जुन्या साड्या आणि गोणपाटं घेऊन धावलो. काठ्यांवर साड्या टाकल्या तर वारा त्या उडवून न्यायला लागला. तेव्हा ती साडीची दोन टोकं मुठीत धरून वाफ्यातच खाली बसली, पाठीवर गारा झेलत. मी ओरडत होते, "आत ये गं, टमाटी काय सोन्याची आहेत?" ती हलली नाही. मग मीही दुसऱ्या टोकाला बसले, काय करणार.

मिरची निम्मी झोडपली, गिलक्यांचा वेल गेला. टमाट्याची दोनच रोपं मोडली. तीन दिवसांनी असं ऊन पडलं की गारांचं कोणाला सांगितलं तर खोटं वाटावं. आम्ही बुडाशी उसाचं पाचट पसरलं, त्याच साड्यांची सावली केली. ओलीनं बुडाची पानं करपली होती, ती खुडून लांब नेऊन जाळली. रोग तेवढ्यावर थांबला. संध्याकाळी हौदाच्या कठड्यावर बसून एका ताटलीत मुरमुरे खाल्ले. तिनं पहिल्यांदाच माझ्याशी तिच्या आईबद्दल बोलणं काढलं. मला ती फार आवडली त्या दिवशी. तिला तसं सांगितलं नाही, आता लिहिते आहे.

पुढच्याच आठवड्यात ती बाजूला बसली.

इथे मला माझी लाज झाकता येणार नाही. अंगणवाडीत मी वयात आलेल्या पोरींना भिंतीवर तक्ता टांगून शिकवायची, की पाळीत विटाळ बिटाळ काही नसतो, लोणचं नासत नाही, झाड वाळत नाही. पोरी टाळ्या वाजवायच्या. आणि घरी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पापड, लोणचं आणि वाफा या तीन ठिकाणी चार दिवस पाऊल टाकायचं नाही, हा माझ्या सासूचा नियम मी माझ्या सुनेलाही लावला. ती काही न बोलता पाळायची. त्या चार दिवसांत वाफ्याचं सगळं मीच केलं. सकाळी उठायचं, दातांना तपकीर लावायची, कारण तपकिरीशिवाय माझा दिवस उगवत नाही, आणि तसंच वाफ्यात जायचं. एकेक झाड सुतळीनं काठीला बांधलं. बगलेतले फुटवे नखानं खुडले. उरलेल्या एकूणएक झाडांना हात लावला, पोटच्या पोरासारखा.

पंधरा दिवसांत पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आले. पानं आखडली, शेंड्याकडे सुतळीसारखी बारीक होत गेली. पुन्हा ढग आले होते, म्हणून मला तोच करपा वाटला. राख फुंकरली, आंबट ताक शिंपडलं, कडुलिंबाचा पाला उकळून टाकला. एक झाड धरावं तर चार हातची जायची. फळ चिरलं तर आत तपकिरी डाग. सून रोज पहाटे उठून झाडं मोजायची.

आणि मग माझी जीभ सुटली.

"त्या चार दिवसांत तू वाफ्यात गेली होतीस ना?"

"नाही, आत्या."

"खरं सांग. आपोआप कसं बिघडेल सगळं?"

"माझ्या आईचं बी आहे. मी कशी जाईन?"

इथे थांबायला हवं होतं. पण मी म्हटलं, "तुमच्या डोंगरात काय पाळतात आणि काय नाही, आम्हाला काय ठाऊक?"

त्यानंतर आठ दिवस ती मला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण वाफ्याच्या काटेरी कुंपणाआत पाय टाकेना. पाळी नसतानाही नाही. बाहेर उभी राहून बघायची आणि परत यायची. मला वाटलं, रुसली आहे. रुसू दे, म्हटलं.

मुलाला ते बघवलं नाही. तो कृषी सहायकाला मोटारसायकलवर घेऊन आला. चाळिशीचा, अघळपघळ माणूस. त्यानं एक पान उलटंसुलटं करून पाहिलं, मग वाफ्यात दोन फेऱ्या मारल्या.

"हा करपा नाही," तो म्हणाला. "ढगांचा यात काही दोष नाही. हा विषाणूचा रोग आहे, याला औषध नाही. हातानं पसरतो. घरात तंबाखू कोण खातं?"

"कोणी नाही," मुलगा म्हणाला.

"बिडी? मशेरी? तपकीर?"

माझा हात आपोआप कमरेला गेला, जिथे डबी खोचलेली असते. मुलानं माझ्याकडे पाहिलं. सून खाली बघत होती.

"तंबाखूत हा रोग असू शकतो," तो सांगत होता. "त्या बोटानं फुटवा खुडला की जखमेतून आत जातो. एकदा एका झाडाला लागला की पुढे तोच हात सगळीकडे नेतो. बांधणी, खुडणी कोणी केली?"

मी सांगितलं. तेवढं तरी मी माझ्या तोंडानं सांगितलं.

सुनेनं एवढंच विचारलं, "एक फळ बियाला ठेवलं तर?"

"नका ठेवू, ताई. बियावरून पुढच्या वर्षी परत येईल. उपटा, जाळा आणि हात साबणानं धुवा."

तो गेल्यावर ती आठ दिवसांत पहिल्यांदा कुंपणाच्या आत आली. झाडं एकेक करून उपटली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तुम्ही नका, आत्या." रागानं नाही म्हणाली. ओली झाडं लवकर पेटेनात, धूरच फार झाला. मुलगा पाचट आणत राहिला आणि ती काठीनं सारत राहिली, शेवटचं देठ राख होईपर्यंत. मुलानं तिच्या भावाला फोन लावून विचारलं, तिकडच्या घराच्या भिंतीवर दुसरी थापटी आहे का. नव्हती.

ती मोरीवर हात धुवायला आली तेव्हा मी तिथेच बसले होते. मी म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्या आईचं बी मी घालवलं आणि नाव तुझं घेतलं." माझ्या आयुष्यात हे शब्द मी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

ती साबण लावत होती. म्हणाली, "आत्या, मलाच वाटायला लागलं होतं की मीच गेले असेन. विसरून, झोपेत, कशीतरी. मी रोज आठवायचे, गेले होते का, गेले होते का." साबण खाली ठेवत तिनं विचारलं, "ते साहेब आले नसते तर?"

खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"तर मी मरेपर्यंत तुलाच म्हणत राहिले असते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग तांब्या भरून घेतला आणि म्हणाली, "हात पुढे करा." मी केले. तिनं माझ्या हातांवर पाणी ओतलं आणि ते बोट धरून नखाच्या खालपर्यंत साबणानं घासलं.